सोलापूरच्या बागेतल्या किडी: कुणाला राहू द्यायचं, कुणाला काढायचं

गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी फवारा मारला जातो. तीन-चार दिवस झाड स्वच्छ दिसतं आणि दोन आठवड्यांत मावा आधीपेक्षा दाट येतो. औषध कमी पडलं म्हणून असं होत नाही. मावा खाणारे किडे माव्याच्या मागून येतात, हे त्याचं कारण. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवड्या-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. मावा खाणाऱ्या ढालकिड्याला (लेडीबर्डला) मात्र अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याच्या अळ्या खाण्याच्या भरात येतात त्याच सुमारास औषध पडलं तर त्या सगळ्या मरतात. मुडपलेल्या पानात वाचलेला थोडा मावा मग बिनधास्त वाढतो. म्हणून आधी ओळख पक्की करायची.

पाहणी कशी करायची

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग आणि एक पांढरा कागद एवढं सामान पुरतं. आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत पाहणी करा. उन्हं चढली की बरेच किडे पानाखाली किंवा मातीत दडतात. प्रत्येक झाडाच्या चार जागा पाहायच्या: शेंडा, पानाची खालची बाजू, कळीचा देठ आणि मातीलगतचा बुंधा. मग कागद फुलाखाली धरून फुलाला तीन-चार टिचक्या मारा. कागदावर पिवळसर-तपकिरी, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, रेघेसारखे जीव पळाले तर ते फुलकिडे. पानाखाली टिचकी मारल्यावर लालसर ठिपके सावकाश चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर त्यांचा डाग उमटला तर ते लाल कोळी.

खोडावर मुंग्यांची रांग वर चढताना दिसली तर ती कुठे जाते ते शोधा. मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड अंगातून गोड चिकटा टाकतात. मुंग्या तो खातात आणि त्या बदल्यात या किडी खाणाऱ्या मित्रकिड्यांना हुसकून लावतात. मुंग्यांची वाट बंद केली की निम्मं काम होतं. कुंडी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या थाळीत ठेवा. थाळीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी ओतून टाका, नाहीतर त्यात डास होतात. जमिनीतल्या झाडाला खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावलं तर साल उन्हात भाजते.

प्रत्येक खराब पान किडीमुळेच खराब होतं असं नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर जास्वंद, गुलाब, मोगरा यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते, तिला कीडनाशकाचा काही उपयोग नाही. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर ते पानं कापणाऱ्या माशीचं काम. ती ते तुकडे घरट्याला अस्तर म्हणून नेते. झाडाचं काही बिघडत नाही आणि ही माशी परागीभवन करते, तेव्हा तिला राहू द्या.

जे चुकून मारले जातात

पूर्ण वाढलेला ढालकिडा लोक ओळखतात. आपल्याकडे पिवळट-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेली जात सर्रास दिसते. त्याची अळी मात्र ओळखू येत नाही आणि झाडावर कसलीतरी भयंकर कीड आली म्हणून चिरडली जाते. ती राखाडी-काळी असते, अंगावर नारिंगी ठिपके, पुढच्या भागाला सहा पाय, चाल भराभर, लांबी सेंटिमीटरपर्यंत. माव्याच्या गर्दीत असं काही धावताना दिसलं तर त्या झाडाला हातही लावू नका. तिची अंडी पिवळी, निमुळती, पानाखाली दाटीने उभी लावलेली असतात. कोष नारिंगी असून पानालाच चिकटलेला असतो.

याच कुळातला एक किडा मात्र खरोखर पानं खातो. तो वांगी आणि वेलभाज्यांवर येतो, त्याच्या पाठीवर बारीक लव असल्याने तो निस्तेज दिसतो आणि पानाची जाळी करतो. मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते.

पानावर केसासारख्या पांढऱ्या देठांच्या टोकाला बारीक दाणे दिसले तर ती बुरशी समजून पुसू नका. ती क्रायसोपा या मित्रकिड्याची अंडी. त्यातून निघणारी अळी विळ्यासारख्या जबड्यांनी मावा, फुलकिडे, पांढऱ्या माशीची पिल्लं पकडून शोषते.

फुलासमोर हवेत एका जागी थांबणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची छोटी माशी म्हणजे सिरफिड. तिला नांगी नसते. तिची अळी हिरवट, अर्धपारदर्शक, बिनपायांची असते आणि माव्याच्या गर्दीतच सापडते. माव्यातले काही फुगलेले, तपकिरी-सोनेरी, हालचाल न करणारे दिसले तर ते आतून एका बारीक गांधीलमाशीने पोखरलेले असतात. त्यांच्या पाठीवरचं गोल भोक म्हणजे माशी बाहेर पडल्याची खूण. अशी पानं तोडू नका, धुऊही नका.

सगळ्यात जास्त घोटाळा जास्वंदीवर होतो. पिठ्या ढेकणाला खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा आहे आणि त्याची अळी पिठ्यासारखीच पांढऱ्या मेणाने झाकलेली असते. काडीने डिवचून पाहा. पिठ्या जागचा हलत नाही, हलला तर अगदी हळू. ही अळी लगेच चालू लागते. शिवाय पिठ्या ३-४ मिलिमीटरचा, तर ही सेंटिमीटरहून मोठी होते आणि तिचे मेणाचे धागे लांब, विस्कटलेले असतात.

भिंतीवर मातीचं घरटं बांधणारी कुंभारीण माशी त्या घरट्यात अळ्या भरून ठेवते. फुलोरी मधमाशीचं एकच छोटं पोळं डाळिंबाच्या, मेंदीच्या फांदीवर असतं. धक्का लागला नाही तर ती सहसा डंख करत नाही. ही दोन्ही घरटी काढण्याची घाई करू नका. कोळ्यांची जाळीही वाटेत येत नसतील तर राहू द्या.

ऋतूप्रमाणे काय येतं

हुरड्याच्या दिवसांपासून गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, माव्याचा जोर असतो. गुलाब आणि शेवंतीचे शेंडे आधी भरतात. पाच शेंडे पाहा. एक-दोनवर मावा असेल तर बोटाने पुसून टाका. चार-पाचवर असेल आणि वर सांगितलेल्यांपैकी एकही मित्र दिसत नसेल तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून मारा आणि तीन दिवसांनी पुन्हा मारा. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढू शकत नाही. मित्रकिडे दिसत असतील तर दहा दिवस थांबा. युरिया जास्त पडलेल्या झाडाचे शेंडे लुसलुशीत होतात आणि त्यांच्यावर मावा हमखास येतो, म्हणून थंडीत नत्र कमी द्या. कण्हेरीवर आणि रुईवर येणारा पिवळा मावा गुलाबावर जात नाही, त्याच्या मागे लागू नका.

फेब्रुवारीपासून फुलकिडे वाढतात. गुलाबाची कळी अर्धवट उघडते आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. ते पाकळ्यांच्या घडीत बसतात, त्यामुळे उमललेल्या फुलावर फवारून काही होत नाही. कळी हिरवी असतानाच निंबोळी अर्क द्या, उमलून गेलेली फुलं रोज तोडा आणि निळा चिकट सापळा शेंड्याच्या वर वीतभर लटकवा. पांढरी माशी आणि उडता मावा यांच्यासाठी सापळा पिवळा हवा. जुन्या डब्याच्या झाकणाला रंग देऊन वर एरंडेल किंवा ग्रीस लावलं तरी चालतं. वीस कुंड्यांना दोन सापळे पुरेत. जास्त लावले तर सिरफिड आणि बारीक गांधीलमाश्याही अडकतात.

मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत होते, बहर मार्चपासून येतो आणि कळी पोखरणारी अळी त्याच्याबरोबर येते. कळी जांभळट होते, तिला बारीक भोक पडतं, शेजारच्या कळ्या जाळीने एकमेकींना चिकटतात. आत काळ्या डोक्याची हिरवट अळी असते. अशा कळ्या रोज सकाळी तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, झाडाखाली टाकू नका. खाली पडलेला पाला गोळा करा आणि वरची दोन इंच माती आठवड्यातून एकदा खुरप्याने हलवा, म्हणजे त्यातले कोष उघडे पडतात. एवढं करूनही दहातल्या दोन-तीन कळ्या जात असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर १ लिटर पाण्यात १ ते २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. अळीने ती खाल्ली तरच काम होतं आणि उन्हात ती लवकर निकामी होते. ढालकिड्याला, मधमाशीला तिचा त्रास नाही, पण फुलपाखराची अळी मात्र मरते. म्हणून फवारा मोगऱ्यापुरताच ठेवा.

एप्रिल-मे लाल कोळ्यांचा. पानावर आधी फिकट ठिपके, मग पान तांबूस, मग खाली बारीक जाळं. झेंडू, गुलाब, तुळस यांना जास्त त्रास. उष्ण, कोरड्या हवेत त्यांची एक पिढी आठवड्याभरात उरकते, आणि रस्त्यालगतच्या झाडांवर धूळ बसली की त्यांना खाणाऱ्या किड्यांचं काम अडतं. लाल कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. सर्वसाधारण कीटकनाशकाने तो मरत नाही, त्याचे शत्रू मात्र मरतात आणि फवारणीनंतर तो उलट वाढतो. उपाय धुण्याचा आहे: दर तिसऱ्या दिवशी सकाळी पानांची खालची बाजू धुवा. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हातपंपाच्या बाटलीने धुतलं तरी चालेल, फक्त पान उलटं धरा. जाळी धरलेली पानं तोडून पिशवीत बंद करा. ५० टक्क्यांचं शेडनेट आणि बुंध्याला पाल्याचं आच्छादन दिल्याने झाड सोसतं. पाण्यात मिसळणारं गंधक (लिटरला २ ग्रॅम) कोळ्यांवर चालतं, पण ३५ अंशांच्या वर पानं करपवतं. सोलापुरात मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ते हाती घेऊच नका. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडेही नको.

जास्वंदीवरचा पिठ्या उन्हाळ्यात सुरू होऊन परतीच्या पावसापर्यंत टिकतो. शेंडा गुच्छासारखा आखडला की तो परत सरळ होत नाही. आखडलेल्या भागाखालचा चार इंच निरोगी भागही घेऊन कापा, काळ्या पिशवीत बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मगच टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथून तो परत येतो. उरलेला जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. पिठ्याच्या अंगावर मेण असल्याने नुसता फवारा घरंगळून जातो. व्हर्टिसिलियम ही बुरशीची पावडर (लिटरला ५ ग्रॅम) ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत चांगली लागू पडते. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती वाढतच नाही, पैसे वाया जातात.

पहिल्या पावसानंतर रात्री दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे येतात. त्यांच्या अळ्या म्हणजे हुमणी, मुळं कुरतडते. पाणी असून झाड एकाएकी मान टाकतं आणि ओढलं तर सहज उपटून येतं. कच्चं शेणखत हे तिचं आवडतं ठिकाण. खत पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं आणि चाळलेलंच वापरा.

तगर, कण्हेर, सदाफुली यांची पानं एका रात्रीत गायब आणि खाली मोठ्या काळ्या लेंड्या दिसल्या तर बोटाएवढी हिरवी अळी शोधा. मानेजवळ निळे डोळ्यासारखे ठिपके असतात. ती एका देखण्या पतंगाची अळी. झाड मोठं असेल तर राहू द्या. कढीपत्त्यावरच्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या लिंबावरच्या फुलपाखराच्या. छोट्या कुंडीत एक ठेवा, बाकीच्या एखाद्या मोठ्या लिंबाच्या झाडावर नेऊन सोडा.

निंबोळी अर्क आणि साबणाचं पाणी

कडुनिंब आपल्याकडे रस्तोरस्ती आहे, विकतच्या तेलापेक्षा स्वतः केलेला अर्क उत्तम. जून-जुलैत पिकून पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पुढच्या हंगामाच्या आत संपवा.

५ लिटरसाठी २५० ग्रॅम बिया जाडसर कुटून कापडात बांधा आणि २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळून पिळून दुधाळ पाणी काढा, दुहेरी कापडातून गाळा. १० ग्रॅम अंगाचा साबण थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि पाणी ५ लिटरपर्यंत वाढवा. अर्क दिवसभर सावलीत झाकून ठेवा आणि त्याच संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर फवारा. त्यातला गुणकारी भाग उन्हात नष्ट होतो, आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेला अर्क निकामी होतो. आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या. कीड लगेच मरत नाही. तिचं खाणं मंदावतं आणि कात टाकणं अडतं, म्हणून गुण आला की नाही ते चार-पाच दिवसांनी ठरवा.

साबणाच्या पाण्यासाठी लिटरला ५ मिलि द्रव साबण. आपल्याकडे हा उपाय फसतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो, वर गुठळ्या येतात, नोझल तुंबतं आणि किडीपर्यंत साबण पोचतच नाही. बाटलीत थोडं पाणी आणि चार थेंब साबण घालून हलवा. फेस टिकला तर पाणी ठीक. दुधाळ होऊन साका आला तर साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं शुद्ध पाणी घ्या. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षाही जड असतं, ते नको. कपड्यांची पावडर वापरू नका, त्यातल्या सोड्याने पानं भाजतात. कोणतंही मिश्रण आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा. तहानलेल्या झाडावर काहीच फवारू नका, आदल्या दिवशी पाणी द्या. तंबाखूचा काढा घरात करू नये. तो माणसालाही विषारी आहे आणि मित्रकिडे सरसकट मारतो.

इमिडाक्लोप्रिडसारखी झाडाच्या रसात मिसळणारी औषधं फुलझाडांना देऊ नका. ती मध आणि परागात उतरतात आणि मधमाश्यांना मारतात. शिवाय गजरा, गुलकंद, नैवेद्याच्या ताटातली फुलं याच झाडांची असतात.

किड्यांसाठी काय लावायचं

वीस कुंड्या असतील तर चार किड्यांच्या नावाने ठेवा. बारीक गांधीलमाश्या आणि सिरफिड यांचं तोंड आखूड असतं, त्यांना उथळ, उघडी फुलं लागतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर येऊ द्या, भाजीसाठी सगळी कापू नका. ऑक्टोबरपासून दर तीन आठवड्यांनी मूठभर धणे फोडून पेरले तर थंडीभर फुलं राहतात. उन्हाळ्यात तुळस, सब्जा आणि एकेरी चिनी गुलाब टिकतात. पावसाळ्यात कॉसमॉस, झिनिया.

जुन्या घमेल्यात सप्टेंबरअखेर मालदांडीचे आठ-दहा दाणे टोका. ज्वारीवर चिकटा पाडणारा मावा गुलाबावर जात नाही, पण त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात आणि तुमच्या शेवंतीवर मावा येईपर्यंत ते बागेत हजर असतात. पावसाळ्यात हेच काम चवळी करते. या दोन घमेल्यांवर मावा दिसला तरी फवारायचं नाही.

झेंडूबद्दल बराच गैरसमज आहे. तो लावला की सगळ्या किडी पळतात असं नाही. त्याच्या मुळांतल्या द्रव्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात, पण त्यासाठी त्या वाफ्यात दोन-तीन महिने दाट झेंडूच लावावा लागतो, कडेच्या एका रोपाने काही होत नाही. टोमॅटोत तो बोंडअळीचा सापळा म्हणून उपयोगी: टोमॅटोच्या १६ ओळींमागे एक ओळ, झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं असताना एकाच वेळी लावा, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडे जातो. मात्र झेंडूवरच्या अळ्या वेचल्या नाहीत तर त्याच पुढे टोमॅटोवर येतात. दसऱ्यासाठी लावतो तो गच्च भरलेला झेंडू माश्यांच्या फारसा कामाचा नाही. त्यांच्यासाठी एकेरी पाकळ्यांची जात लावा.

मधमाश्यांसाठी पसरट थाळीत खडे घालून खडे उघडे राहतील इतकंच पाणी ठेवा, नाहीतर त्या बुडतात. मार्च ते जून ते सकाळ-संध्याकाळ भरावं लागतं.

नर्सरीतून आणलेलं रोप थेट बागेत ठेवू नका. पिठ्या आणि पांढरी माशी बहुतेक वेळा अशाच रोपांवरून येतात. १५ दिवस वेगळं ठेवा, पानांच्या बेचक्या आणि कुंडीच्या तळाचं भोक भिंगाने पाहा, मगच इतरांत मिसळा.